लाइन बंद केल्याशिवाय

भिलाईतल्या एका दवाखान्यात भूल देणाऱ्या त्या डॉक्टरीणबाई मला एकदाच भेटल्या. नाव विचारायचं राहूनच गेलं. बाबांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशनसाठी पाठीत भुलेची सुई द्यायची म्हणून त्यांना बसवायला वॉर्डबॉयने पाय धरला आणि बाबा कळवळून ओरडले.

"सोडा तो पाय," बाई म्हणाल्या. "नस बधिर झाल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही."

त्यांनी तळवे चोळून ऊब आणली, दोन बोटं बाबांच्या जांघेत टेकवली आणि डोळे मिटले. "इथे धमनी उडते, काका. नस तिच्या बाहेरच्या अंगाला."

जांघेत बधिर करण्याची सुई देऊन झाल्यावर त्या स्टुलावर बसून राहिल्या. पाय बधिर झाला का ते बघायला मधूनमधून मांडीला स्पिरिटचा बोळा लावून विचारत, "थंड लागतं का?"

बाबा इथल्या पोलादाच्या प्लांटमधले जुने इलेक्ट्रिशियन. मला हळूच म्हणाले, "लाइन बंद करून मंग टेस्ट करून राहिली. बाई पक्की मिस्त्री हाये."

नोकरीत दुसऱ्याने लाइन बंद केली, तरी स्वतः टेस्टर लावल्याशिवाय बाबांनी कधी तारेला हात लावला नव्हता. त्या दिवशी बाई "बसा आता" म्हणाल्या, आणि बाबांनी काही न विचारता त्यांच्या खांद्यावर हात टाकला.