आडातला विळा

आमचं जैनाचं घर, माधवनगरच्या पलीकडं मळ्यात. सूर्य मावळायच्या आत आमची जेवणं उरकतात. दिवेलागणीला भांडी घासून पालथी, आणि पुढं ही लांबलचक संध्याकाळ. करायचं काय? टीव्ही. मुलगा, सून, मी आणि माझ्या मांडीवर सहा वर्षांची नात. गुन्ह्यांची एक मालिका लागायची, सगळं घर तिच्यापुढं खिळलेलं. नवऱ्यानं बायकोला कसं मारलं, कुठं पुरलं, सगळं साग्रसंगीत दाखवायचे. पोरगी विचारायची, "आज्जा, ह्यो चांगला हाय का वाईट?" मी म्हणायचो, "गप बघ गं, कळंल आता."

सकाळी मात्र आमचं वेगळंच. आडाचं पाणी गाळून घ्यायचं आणि गाळण्यावर राहिलेले बारीक जीव परत त्याच आडात सोडायचे. वरनं ओतायचे नाहीत, छोट्या बादलीतनं अलगद खाली न्यायचे. दिसत तर काहीच नाही, पण नात दोर धरायला रोज पुढं. "आज्जा, वाचले का रं सगळे?" "व्हय, वाचले." केवढी खूश व्हायची! मला लय अभिमान वाटायचा. पोरीला संस्कार लागले म्हणून देवळात चारचौघांना सांगत सुटलो होतो.

मग घरातनं वस्तू जायला लागल्या. आधी भाजीची सुरी गेली, मग कात्री, मग वैरणीचा विळा. मी सुनेवर डाफरलो. "डोकं ठिकाणावर हाय का तुझं? सुरी काय पाय फुटून गेली?" ती बिचारी म्हणाली, "आवं मामा, मी हितंच ठेवली हुती." त्यावरनं मुलगाही तिच्यावर ओरडला. रोजच्यासारखंच भांडण, घटकाभरात मिटलंसुद्धा. नात तेवढी कोपऱ्यात भिंतीला चिकटून बसली होती. असल्या रोजच्या भांडणांनी तिच्या मनात काय केलं होतं, ते आमच्यातल्या एकालाही कळलं नाही.

पुढं एकदा दोर तुटून बादली आडात पडली. मी गळ सोडला, खालचा गाळ चाळवला, काहीतरी अडकलं. ओढून काढलं तर विळा. गंजलेला, पण आमचाच. मी चक्रावलो. मागं वळलो तर नात उभी. चेहरा पांढराफटक.

"आज्जा, वर काढू नगंस. परत टाक."

"का गं? कुणी टाकला ह्यो?"

"मी. तू गाळणं वाळत घालायचास, तवा."

मधून मधून डुबुक असा आवाज यायचा खरा. मला वाटायचं, बेडूक असंल.

"कशाला गं टाकलास?"

तिनं माझा सदरा धरला आणि हळूच म्हणाली, "पप्पा आईला मारणार हायत. टीव्हीत आधी असंच ओरडत्यात. मग मारत्यात."

माझ्या हातातनं विळा सुटला. डोळ्यांना धार लागली. आडातले न दिसणारे जीव जपायला मी तिला शिकवलं, आणि तिनं आईचा जीव जपला. तोही कुणापासून, तर बापापासून! त्या बापानं आजवर तिला एक चापट मारलेली नाही.

मुलाला सांगितलं तर तो आधी हसला. मग गोठ्यात जाऊन बसला तो बराच वेळ आलाच नाही. त्या दिवशी टीव्ही बंद केला, पुढं काढूनच टाकला. संध्याकाळी आता आम्ही नुसते बसतो. सून तर भाजी चिरायलासुद्धा नात शाळेत जायची वाट बघते.

वाटलं होतं, विसरंल पोर. लहान आहे. पण बापाची गाडी वाजली की ती अजून दाराआड जाते आणि आधी त्याचे हात बघते. त्यालाही ते ठाऊक झालंय. हातात काही असलं तर तो बाहेर ओट्यावर ठेवतो आणि रिकामे हात पुढं करून उंबऱ्याबाहेरच थांबतो.

मग ती येते. एखाद्या दिवशी येतच नाही.