धवला एकटीनं म्हणत नाहीत

मैत्रिणींनो, आज सकाळी हेंद्रेपाड्यात भाचीच्या हळदीला गेले होते. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण धवले, म्हणजे लग्नविधींची पारंपरिक गाणी, गाते. आमची काकी ही घराण्यातली शेवटची धवलारीण. तिचं माहेर खाडीकाठचं, मिठागरावरचं.

मी मोबाईल पुढे धरला. "काकी, म्हण ना, रेकॉर्ड करते."

काकी म्हणाली, "यकटीनी नाय गात गो. मी बोलली का मागून ओळ उचलाला दुसरी पायजे. माझी जोडीदारीण गेली. तुझा मोबाईल उचलंल का?"

सगळ्या हसल्या. मी मोबाईल पर्समध्ये टाकला, तिच्या शेजारी बसले आणि अडखळत एकेक ओळ उचलली.

रेकॉर्डिंग राहिलंच. पण आत्ता भाकऱ्या थापताना पहिली ओळ आपोआप ओठांवर आली, आणि मागून उचलायला कुणीच नव्हतं.

तुमच्यापैकी कुणी शिकता का माझ्याबरोबर?