थोरल्या दिराचं नाव

पोलिसांनी मारहाण अदखलपात्र ठरवून "कोर्टात जा" म्हणत वाटेला लावलं, की माणूस आमच्यासारख्या वकिलाच्या पदरात पडतो. बीडच्या कोर्टात अशा खासगी फिर्यादी मी बऱ्याच लावल्या. रीत सोपी आहे. फिर्यादीने न्यायाधीशांसमोर शपथेवर, आपल्या तोंडाने हकीकत सांगायची आणि वकिलाने गप्प उभं राहायचं. यातलं दुसरं काम मला आजवर जमलेलं नाही.

ती बाई कपिलधारकडची, मेंढपाळाच्या घरातली. नवरा मेंढरं घेऊन लांब चराईला गेलेला. मागे थोरल्या दिराने तिच्या घराची वाट काट्या टाकून बंद केली. ती काट्या ओढायला गेली तेव्हा हातावर काठी हाणली. कोर्टाने दिराला बोलावलं नाही तर ती वाट कायमची गेलीच, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

हकीकत तिने झकास सांगितली. काठी बाभळीची होती, हेसुद्धा. मग न्यायाधीश मॅडमनी विचारलं, "मारलं कुणी?"

"थोरल्यांनी."

"नाव?"

ती जमिनीकडे बघू लागली. थोरल्या दिराचं नाव बाईने तोंडाने घ्यायचं नाही. लग्न होऊन आल्यापासून तिने ते उच्चारलंच नव्हतं.

"मावशी, फिर्यादीत लिहिलंय की," मी तोंड घातलंच.

"वकीलसाहेब, मार तुम्हाला बसला का?" मॅडम म्हणाल्या. स्टेनो खुदकन हसला.

"आमच्या मालकाचे थोरले भाऊ," बाई म्हणाली. "समद्या गावाला ठावं हाय."

"गावाला आहे, कोर्टाला नाही. नावाशिवाय बोलावू कुणाला?"

"मग तुमीच घ्या की नाव. तुमच्या कागदावर हाय. मी हूं म्हणते."

मॅडमनाही हसू आवरेना. पण पेन खाली ठेवून त्या म्हणाल्या, "फिर्याद तुमची आहे, बाई. तुमच्याच तोंडून आलं पाहिजे."

तिने सुजलेला हात दुसऱ्या हातात धरला आणि नाव घेतलं. आडनावासकट, खणखणीत.

व्हरांड्यात मी खुशीत तिला सांगू लागलो की आता दिराला नोटीस निघेल. तिचे डोळे भरून आले होते.

"वाट मिळंल, सायेब," ती म्हणाली. "पर लेकीच्या लग्नाला आता त्यांना कोणत्या तोंडानं बोलवू?"

मी तिला पुढची तारीख सांगितली.