रसात बुडवलेला तांब्या

ऊस आम्ही तोडायचा, मोळ्या आम्ही वाहायच्या, गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाडं आम्ही सारायची. उसाला आमचे हात चालत. तोच ऊस चरकातून रस होऊन खाली आला, की आमच्या हातांनी बाटायचा. याला लोक धर्म म्हणत. मी लुच्चेगिरी म्हणत होतो, आणि बारामतीत छापलेली शिवाशिवीविरुद्धची पत्रकं इंदापुरापर्यंत वाटत हिंडत होतो.

लासुर्ण्याकडच्या एका मळ्यात माझा थोरला भाऊ गुऱ्हाळाला जाळ घालायचा. तहान लागली की त्यानं लांब उभं राहून ओंजळ धरायची आणि गूळ करणाऱ्या गुळव्यानं वरून रस ओतायचा. मी त्याला पत्रक वाचून दाखवलं. म्हटलं, "दादा, आता ओंजळ धरायची न्हाय. कायदा झालाय."

"कायद्याचं ऱ्हाऊ दे," तो हसला. "कोपरापतोर चिकाट हुतंय, मुंग्या लागत्यात मला. उद्या तांब्या न्हेतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याची भाकरी घेऊन गेलो. त्यानं रसाच्या टाकीत तांब्या बुडवला आणि तिथंच उभा राहून प्यायला. चरक थांबला. मालकाचा पुतण्या पुढं आला.

"कुणाला इचारून बुडवलास?"

"तहान कुणाला इचारून लागती, मालक?"

मोळ्या आणणारा एक गडी फिसकन हसला. त्या हसण्यानं पुतण्या पेटला. पहिली काठी भावाच्या कानावर बसली. चौघांनी त्याला खाली दाबलं. पुतण्यानं चुलवाणावरच्या काहिलीतून लांब दांड्याचा डाव भरून घेतला, "हात लई लांब झाल्यात तुझं," म्हणाला आणि उकळता रस दोन्ही हातांवर ओतला. उकळता रस पाण्यासारखा ओघळून जात नाही. चिकटतो, आणि पुसला की कातडं घेऊन निघतो. मी धावलो तर तोंडावर दांडकं बसलं. दोन दात तिथंच पडले.

बाटलेला रस त्यांनी फेकला नाही. काहिलीत घातला, ढेपा पाडल्या आणि बाजारात धाडल्या.

भावाला बैलगाडीतून बारामतीच्या दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी पोलीस जमादार जबाब घ्यायला आला. त्याच्या आधी मळ्यातून निरोप आला होता. चुलवाणापाशी पाय घसरला असं सांगा, नाहीतर महारवाड्यातल्या एकालाही कामावर घेणार नाही. वडील खाटेशी उभे होते.

"घसरला म्हण, पोरा. सगळ्या वाड्याचं पोट त्येंच्यावर हाय."

पत्रक माझं होतं, हात त्याचे होते.

"घसरलो न्हाय," भाऊ जमादाराला म्हणाला. "पुतण्यानं वतलं. दोन डाव. दुसरा भरून आणस्तोवर मी त्येच्याकडंच बघत हुतो."

जमादारानं ते लिहून घेतलं, तसे वडील घरी परतले.

दोन दिवसांनी मळ्यातली माणसं भर उन्हात कुऱ्हाडी घेऊन महारवाड्यात शिरली. आमचं दार फोडलं. वडलांना अंगणात ओढून हाणलं, मनगट मोडलं.

"पोराला म्हणावं, जबाब मागं घे."

वडील धुळीत पडल्या पडल्या बोलले, "त्येलाच जाऊन इचारा. हात त्येचं जळल्यात."