कूलरचं तोंड

जळगावातले माझे शेजारी नाना आयुष्यभर केळी पिकवून विकत आले. डॉक्टरांनी नानांचं पिणं बंद केलं आणि त्यांनी घरात बिअर मुरवायला घेतली. काळी, कडक बिअर. बाटल्या अंधाऱ्या कोपऱ्यात उभ्या, गारव्यासाठी वर ओलं गोणपाट. उन्हाळ्यात घरातल्या एकुलत्या कूलरचं तोंडही तिकडेच. नाना खाटेवर घामाघूम. त्यांच्या बायकोनं, अक्कांनी, कूलर खाटेकडे वळवला की हे उठून परत फिरवायचे. मला हसू यायचं.

“पण पिणार कोण, नाना?”

“घाईमा सगळं बिघडस, भाऊ. मुरू दे.”

परवा गेलो, तर कूलर खाटेकडे वळलेला, नाना त्याच्या वाऱ्यात डोळे मिटून पडलेले. मी अक्कांकडे पाहिलं.

“मी नही,” त्या हळूच म्हणाल्या. “त्यासनीच फिरवाले सांगं.”

कोपऱ्यातलं गोणपाट कोरडं ठणठणीत होतं.