लढाई न करता

शिंगे सर गडहिंग्लजच्या शाळेतून चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले आणि बायकोच्या उपचारांसाठी कोल्हापुरात राहायला आले. वर्षभरात ती गेली. राजारामपुरीतल्या दोन खोल्यांत सर एकटेच उरले. त्यांची लेक मोना जर्मनीला नोकरीवर जाताना आपला जुना लॅपटॉप ठेवून गेली आणि त्यातला एक खेळ शिकवून गेली. त्यात एका वस्तीपासून सुरुवात करून अख्खं राज्य उभं करायचं असतं.

लढून जिंकणं सरांना जमेना. मोना फोनवर म्हणाली, "बाबा, कलेनं जिंका. नाट्यगृहं बांधा, चित्रकार सांभाळा, संग्रहालयं भरा. परक्या देशांचे प्रवासी तुमच्याकडं लोटले, की जिंकलात."

पहिल्या दोन डावांत सरांनी नुसती संग्रहालयं बांधली आणि शेजारच्या राजानं ती लुटून नेली. तिसऱ्या डावात त्यांनी वेशीवर थोडं सैन्य ठेवलं, सगळ्यांशी व्यापार जोडला, आणि एकोणिसाव्या दिवशी भर दुपारी पडद्यावर विजयाची अक्षरं उमटली.

मोनानं फोन उचलला नाही, कामावर असणार. सरांनी शर्ट चढवला, रंकाळ्यावर गेले आणि बाकावरच्या एका अनोळखी माणसाला म्हणाले, "पावणं, आज मी सगळं जग जिंकलं."

"व्हय? कसं काय?"

"चित्रं लावून."

तो माणूस हसला नाही. सरकून त्यानं जागा केली. "बसा की. सांगा."

सर सांगत राहिले. थोड्याच वेळात त्यांचा घसा दुखायला लागला. कित्येक दिवसांत ते एवढं बोलले नव्हते.