शांतवन सरांची छत्री

तलाठी म्हणून माझं आयुष्य लोकांचे सरकवलेले बांध शोधण्यात गेलं. त्यामुळे सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावात, भर उन्हात, एक माणूस छत्री मिटून आणि पाठ फिरवून बांधावर उभा दिसला, तेव्हा इथे कुठेतरी पाणी मुरतंय हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

हे शांतवन सर. गावाबाहेरच्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीचे, म्हणजे ख्रिस्ती पाळक घडवणाऱ्या शाळेचे, प्राचार्य. होऊ घातलेल्या पाळकांना ते प्रवचन करायला शिकवतात. पोरगा या बांधावरून बोलतो, सर दूरच्या बांधावर त्याच्याकडे पाठ करून ऐकतात. बोलणं पोचलं आणि पटलं, तरच छत्री वर जाते. काही पोरांसाठी ती वर्षभर वर जात नाही.

सर स्वतः राजुऱ्याकडच्या कोळसा खाणीतल्या मजुराचा मुलगा. गडचिरोलीच्या जंगलात पाळक असताना यांच्या पहिल्याच प्रवचनात एक म्हातारी झोपली. यांनी खाली उतरून तिला विचारलं, "बाई, कोणत्या वाक्याले झोप लागली?" ते वाक्य पुन्हा उच्चारलं नाही म्हणे. अशी वाक्यं गाळत गाळत ते शिक्षक झाले, मग प्राचार्य. गाव हे कौतुकाने सांगतं. मला मात्र इतक्या गोड माणसाची धास्ती वाटते.

त्यात माझी मुलगी दिव्यानी त्यांच्याकडे जाऊ लागली. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला विहारात तिचं भाषण होतं, आणि चार माणसांत तिचा आवाज घशातच बसतो. भाषण मी लिहून दिलं, शिकवणार हे. आमच्या घराने छप्पन्न साली एकदा, डोळे उघडे ठेवून धर्म बदलला. आता पोरगी चर्चमध्ये गेली, तर आईला मी काय तोंड दाखवू? मला जेवण गोड लागेना.

एक दिवस मी बांधावरच्या तुरीआड लपून ऐकलं. सर म्हणत होते, "हे बापूरावभाऊचं हाये. तुहं सांग." पोरीने माझा कागद घडी करून ठेवला. मी तसाच बाहेर आलो.

"सर, माह्यं खोडून तुमचं काय घालून राह्यले?"

"भाऊ, माह्यं एक वाक्य जरी तिच्या तोंडून आलं, तं मले गावातून हाकला."

असं शांतपणे बोलणाऱ्यावर तर मुळीच विश्वास ठेवू नये.

त्या दिवशी विहारात मी तिसऱ्या रांगेत बसलो, एखादा ख्रिस्ती शब्द पकडायला. आई पहिल्या रांगेत. सर दाराबाहेर, पाठ करून. दिव्यानी उभी राहिली, अडखळली, मग म्हणाली, "माही आजी मनकर्णा दीक्षेले चांद्याले गेली, तवा तिच्या बापानं मागं माणूस लावला होता. पोरगी हातची जाईन म्हणून. तो माणूस तिथंच दीक्षा घेऊन वापस आला. माह्या बी मागं एक माणूस हाये. तिसऱ्या रांगेत बसला हाये. बाबा, मी कुठी जात नाई. पण मागं मागं येऊ नका. संगं चाला."

सगळा विहार हसला, आणि आई सगळ्यांत मोठ्याने. हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. माझे कान तापले. राग आला, आणि पोरीचा अभिमानही इतका वाटला की डोळे भरून आले.

मी वळून पाहिलं. दाराबाहेर ऊन नव्हतं, पाऊस नव्हता, आणि छत्री वर होती.

शांतवन सरांवर माझी नजर अजून आहे. फक्त आता ती मी त्यांच्याच बांधावर, त्यांच्या शेजारी उभा राहून ठेवतो.